ओठावरून गेलेला दोर

“भ्या वाटतंय का?”

रोज सकाळी झाडाखाली उभं राहून मामा आम्हाला हा एकच प्रश्न विचारायचे. वाटतंय म्हणणारा झाडावर चढायचा. नाही म्हणणारा दिवसभर खाली फांद्या ओढायचा. पहिल्या दिवशी मी मोठा शहाणा, छाती पुढे काढून “अजिबात नाही” म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत लाकडं वाहून माझं कंबरडं मोडलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, “थोडं थोडं वाटतंय.” तर म्हणाले, “मग थोडंच चढायचं,” आणि मला पुरुषभर उंचीवर दुपारपर्यंत नुसतं लटकवून ठेवलं. खालून जाणारा प्रत्येक कामगार विचारायचा, “काय राव, पिकलास का?” असा संताप आला होता ना मला!

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालाच्या आसपासची. आयटीआय करून मी भोसरी, चिंचवड, आकुर्डी, सगळीकडच्या गेटांवर उभा राहून आलो होतो. वॉचमन मला नावाने ओळखायला लागले, पण आत कोणी घेईना. शेवटी दापोडीच्या आमच्या गल्लीतला इस्माईल म्हणाला, “भावा, आमच्या गँगमध्ये ये. कंपनीत काम आहे.” कंपनीतलं काम म्हणजे काय, तर कंपनीच्या आवारातली झाडं उतरवायची. हे त्याने मला तिथे पोचल्यावर सांगितलं. आणि मी असा की पत्र्यावर अडकलेला पतंग काढायलासुद्धा कधी चढलो नव्हतो.

झाड पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. रानातलं झाड बुंध्याशी करवत लावून पाडता येतं. इथे एका बाजूला शेडचे सिमेंटचे पत्रे, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत, मधून विजेच्या तारा. मग माणसाने वर जायचं, शेंड्यापासून एकेक फांदी कापायची, बांधून खाली सोडायची. आमराया, चिंचा, जांभळी, सगळं कंपन्यांनी जमिनीबरोबर विकत घेतलेलं, आणि नवी शेड उभी राहायची म्हणजे आधी आम्ही जायचो. मामा त्या गँगचे मुकादम. ते कुणाचेच मामा नव्हते. मावळातल्या कुठल्याशा गावचे, पन्नाशी उलटलेले, अंगाने काटकुळे. मिशा मात्र अशा झुपकेदार, की आधी मिशा यायच्या आणि मग मामा.

मामांच्या गँगमध्ये कुणालाही तयार दोर मिळायचा नाही. ज्याचा त्याने करायचा. कमरेला पट्टा, तो भंगारात निघालेल्या मशीनच्या पट्ट्याचा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या. डाव्या कडीत दोराचा आकडा अडकवायचा, दोर खोडाला वळसा घालून आणायचा आणि उजव्या कडीशी बांधायचा. याला आम्ही वेढा म्हणायचो. वेढ्यावर मागे रेललं, पाय खोडाला रेटले, की दोन्ही हात करवतीला मोकळे. बाकी आधार काही नाही. तेवढा एक दोर आणि पलीकडे नुसती हवा.

दोर अंबाडीचा, तीन पदरी. नायलॉन तेव्हा नुकता आला होता. कॉन्ट्रॅक्टरने कौतुकाने एक भेंडोळं आणून दिलं. मामांनी ते हातात घेऊन बघितलं, “लई गुळगुळीत हाय, गाठ बसत न्हाई,” म्हणाले आणि धुणं वाळत घालायला घरी घेऊन गेले. अंबाडीच्या दोराच्या टोकाला आकडा बसवायचा तोही गाठ मारून नाही. तिन्ही पदर उलगडायचे, आकड्यातून वळवायचे आणि दोराच्याच पिळात एकाआड एक खुपसून विणत न्यायचे. माझी पहिली वीण मामांनी बघितली. आकडा पायाखाली धरला, दोर ओढला, सगळी वीण सुटून हातात आली. “येनी घातलीस व्हय रं?” म्हणाले. “आता गजरा बी माळ.” उजव्या कडीकडची सरकगाठ शिकताना तर माझ्या बोटांची सालटी निघाली. बारीक दोरीचे फेरे जाड दोरावर असे घ्यायचे, की मुठीत धरली तर गाठ सरकली पाहिजे आणि वजन पडलं की तिने दोराला चावलं पाहिजे. मी कंटाळून म्हणालो, “मामा, एखाद्याचा जुना दोर द्या ना. बाजारात का मिळत नाही हे?” मामांचा चेहरा एकदम उतरला. “कुनाच्या दोराव जायचं न्हाई,” म्हणाले. “मेलं तरी जायचं न्हाई.” का, ते कधी सांगितलं नाही. कोणी म्हणायचं भाऊ पडला होता, कोणी म्हणायचं जोडीदार. विचारायची कुणाची छाती नव्हती.

नव्या माणसाचा दोर तयार झाला की त्याची परीक्षा जेवणाच्या सुट्टीत. दोर करणाऱ्याने ठेंगण्या फांदीला वेढा घालून लटकायचं आणि बाकीच्या सगळ्यांनी बरोबर त्याच्या खाली डबे उघडून जेवायला बसायचं. जेवण संपेपर्यंत वरच्याने हलायचं नाही आणि खालच्यांनी सरकायचं नाही. मी लटकलो तेव्हा खाली इस्माईल मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “पोरगं जड आहे. पडलं तर कालवणाचं वाटोळं.” पण सरकला नाही. स्वतः पडण्याची भीती एक वेळ परवडली, पण खाली तीन माणसं निवांत भाकरी मोडतायत आणि त्यांच्या डोक्यावर आपण केलेली वीण, ही भीती फार वाईट. नंतर निगडीत घर बांधलं, स्लॅब ओतला, त्या दिवशीसुद्धा मला तेच आठवलं.

आणि जो दोर खराब निघेल त्याचे तिथल्या तिथे सगळ्यांसमोर कोयत्याने तुकडे करायचे. गुरं बांधायलासुद्धा ठेवायचा नाही.

खराब झालाय हे कसं कळायचं? मामांच्या ओठावरून. हसू नका, आम्ही हसून घेतलंय. रोज सकाळी मामा झाडाखाली उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि प्रत्येकाचा दोर खालच्या ओठावरून टोकापासून टोकापर्यंत सावकाश ओढायचे. हातांना घट्टे पडलेले, बोटांना काही कळत नाही, डोळ्यांना वरवरचंच दिसतं. पण ओठाला तुटलेलं एक सूत टोचतं, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं होतं ते. नुसत्या ओठाने त्यांनी एकदा आमच्या गँगमधल्या सोपानच्या दोरातला पिळाच्या आत दबलेला काप शोधला होता. इस्माईल म्हणायचा, “मामा मामीपेक्षा दोराची पप्पी जास्त घेतात.” मामा डोळे न उघडता त्याला शिवी द्यायचे. शेवटी दोर परत देताना म्हणायचे, “जा.” तो ‘जा’ ऐकला की माझी भीती निम्मी व्हायची. चढायची ती उरलेली निम्मी घेऊन.

त्या वर्षी दिवाळीत मामांच्या दाढा दुखायला लागल्या. बाजारात रस्त्यावर खुर्ची टाकून दात काढणारा एक जण बसायचा. त्याच्याकडून त्यांनी एका बैठकीत खालच्या दोन्हीकडच्या दाढा उपटून घेतल्या. तोंड सुजून भोपळा झाला. सूज उतरली, पण मामा काही पूर्वीचे राहिले नाहीत. चिडके झाले. आम्ही वर असलो की खाली येरझाऱ्या घालायचे, शेवटचा माणूस उतरेपर्यंत डबा उघडायचे नाहीत. चहा पिताना चहाचा ओघळ हनुवटीवर यायचा आणि तसाच राहायचा. सकाळी गेटबाहेरच्या गाडीवर पोहे खाल्ले की एखादा पोहा ओठाला चिकटून दुपारपर्यंत तिथेच. आम्ही एकमेकांना कोपरं मारून हसायचो. म्हातारा झाला, असं म्हणायचो.

तेव्हा आम्ही भोसरीकडच्या एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही. ओल म्हणजे दोराचा काळ, असं मामांनी आमच्या डोक्यात भरवलेलं, त्यामुळे दोर रोज घरी न्यायचे आणि दवापासून जपायचे. या कंपनीत माल वाहायला बॅटरीवरच्या गाड्या होत्या आणि त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायला वेगळी खोली होती. कोरडी, उबदार, कुलूपबंद. स्टोअरकीपर भला माणूस, म्हणाला, “ठेवा ना दोर इथेच, भिंतीला खिळे आहेत.” आम्हाला केवढा आनंद झाला! मामांनीही भिंतीला हात लावून बघितला, ओल नाही म्हणून मान डोलावली. त्याच खोलीत इस्माईल कपडे बदलायचा. महिनाभरात त्याच्या शर्टाला चाळणीसारखी भोकं पडली आणि त्याने घरी जाऊन साबणावरून बायकोशी भांडण केलं. बॅटरीतल्या तेजाबाचं कुणाच्या मनातही आलं नाही. पाण्याला भिणारी माणसं आम्ही.

त्या दिवशी माझं झाड चिंचेचं होतं, आवारातलं सगळ्यात उंच. शिमगा जवळ आला होता. मामांनी विचारलं, “भ्या वाटतंय का?” मी म्हटलं, “वाटतंय.” दोर ओठावरून गेला. “जा.”

मी शेडच्या पत्र्यांच्या बराच वर पोचलो. वेढा घालून रेललो, दोन फांद्या उतरवल्या. मग जरा वर सरकायला म्हणून सरकगाठ सैल करून दोर आवळून घेतला, तर तळहाताला भुसा लागला. करवतीचा असेल म्हणून झटकला. पुन्हा दोर धरला, पुन्हा लागला. बघितलं तर तपकिरी, बोटांत चुरडला जाणारा. चिंचेचं लाकूड असं नसतं. तो माझ्या दोराचा भुसा होता.

तेवढ्यात कानाशी अगदी बारीक आवाज झाला आणि तीनपैकी एक पदर माझ्या डोळ्यांसमोर सुटून मोकळा झाला.

मी खोडाला मिठी मारली. हातातली करवत कधी सुटली कळलं नाही, खाली पत्र्यावर आदळल्याचा आवाज तेवढा आला. बाकीचे दोन पदर पुऱ्या वजनाने मी ताणून बघितले नाहीत, पण त्यातला एक पोपडे निघाल्यासारखा दिसत होता. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. चड्डी ओली झाली. आता या वयात सांगायला लाज कसली? आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि एकच विचार: दोर सकाळी ओठावरून गेला होता. मामा ‘जा’ म्हणाले होते. मग हे कसं?

शेवटी कसाबसा “मामा!” एवढाच आवाज निघाला. 

वर कोण आलं असेल? मामा स्वतः. उंच झाडावर ते हल्ली चढत नसत. खांद्यावर स्वतःचा वेढा टाकून फांद्यांच्या आधाराने ते आले, धापा टाकत, माझ्यासमोर खोडाच्या दुसऱ्या अंगाला. माझा दोर बघितला. तोंडावरचा रंग उडाला. लगेच त्यांनी स्वतःचा वेढा खोडाभोवती घातला, आकडा माझ्या कडीत अडकवला आणि माझ्या उजव्या कडीशी गाठ बांधली.

“मामा, हा तुमचा दोर,” मी म्हणालो. “दुसऱ्याच्या दोरावर...”

“गप. उतर.”

त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. आणि खालच्या ओठावर, अगदी मधोमध, सकाळचा पोहा चिकटलेला होता.

“मामा, ओठाला पोहा लागलाय.”

मामांनी मनगटाने गाल पुसला. मग हनुवटी पुसली. पोहा जिथल्या तिथे होता. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. मला सगळं कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. त्या वेळी जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही. कारण पलीकडे तीन झाडं सोडून सोपान वर चढलेला होता, आणि त्याचाही दोर त्याच ओठावरून गेला होता.

“सोपानला उतरवा!” मी ओरडलो. आता आवाज फुटला. इस्माईल खालून पळत गेला. मी मामांच्या वेढ्यावर रेलून, फांदी आली की सोडून पुन्हा घालून, एकेक पाऊल उतरलो. माझ्यामागून मामा नुसत्या हातापायांनी खोड कवटाळून उतरले. त्यांच्या श्वासाचा आवाज मला जमिनीपर्यंत ऐकू येत होता.

सोपान सुखरूप उतरला. सगळे जमलो. मामा उभेच होते.

“दाढा काढल्यापास्नं,” कुणी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. “खालचा व्हट मेलाय, जिभंला चव बी न्हाई. सुई टोचली तरी कळत न्हाई.”

“मग रोज सकाळी काय चाललं होतं?” इस्माईल म्हणाला.

“तुमी माज्या तोंडाकडं बघून चढायचा. मी न्हाई म्हनलो असतो तर कोन चढलं असतं? वाटायचं, आज कळंल, उद्या कळंल. येईल म्हागारी. तुमी वर गेला की पोटात खड्डा पडायचा माज्या. रोज.”

“आम्हाला पडायला नको होता का खड्डा? माझी तीन पोरं आहेत, मामा!” इस्माईलचा आवाज चिरकला. “वरच्या ओठाने बघायचं होतं!”

“मिशी हाय.”

“मग काढायची मिशी! आमच्या जिवापेक्षा मिशी मोठी का?”

मामांनी मान खाली घातली. दुसरा कुठलाही मुकादम असता तर त्याने इस्माईलला तिथल्या तिथे कामावरून काढला असता. मलाही मामांचा भयंकर राग आला होता. पण हेही दिसत होतं की या माणसाने सगळा हिवाळा रोज सकाळी आम्हाला वर पाठवून संध्याकाळपर्यंत मरणाची वाट बघितली होती, आणि त्याची भीती आम्हा सगळ्यांच्या भीतीपेक्षा मोठी होती.

“तू बघ,” मामा मला म्हणाले. “तुजा व्हट जिता हाय.”

मी उकिडवा बसलो, डोळे मिटले. सोपानचा दोर ओठावरून ओढला. दोन ठिकाणी तो कुसळासारखा टोचला, आणि जिभेवर आंबट, झोंबणारी चव आली. इस्माईलच्या दोराचंही तेच. ती चव सांगितली तेव्हा इस्माईलने स्वतःच्या शर्टाच्या भोकांत बोट घातलं आणि तो मटकन खाली बसला. बॅटरीची खोली सगळ्यांना एकदमच आठवली. माझा दोर तर बघायलाच नको होता.

शेवटी मामांचा. ज्याच्यावरून मी उतरून आलो होतो तो. आकड्याजवळची वीण ओठाला लागली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी डोळे उघडले, दोन्ही हातांनी दोर धरला आणि ओढला. फार जोर नाही लावला, शप्पथ. दोर तुटला.

मामांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले. मग ते बुंध्याशी बसले. “ह्याच्यावनं उतरवलं म्या तुला,” एवढंच पुटपुटत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी कोयता माझ्याकडे सरकवला. रीत होती. मी चारही दोर सगळ्यांसमोर तोडले, आणि मामांचा तोडताना माझे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एक अनोळखी माणूस उभा दिसला. जवळ गेल्यावर कळलं, मामा. मिशी साफ भादरलेली. वरचा ओठ पांढराफटक, पोरासारखा. मिशी काढलेला माणूस बघितला की आपल्याकडे एकच शंका येते. वॉचमनने हळूच विचारलं, “मामा, घरात काही झालं का?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “व्हनार हुतं.”

त्या दिवशी कुणी झाडावर चढलं नाही. कॉन्ट्रॅक्टर ओरडून ओरडून दमला. आम्ही नवी अंबाडी घेऊन बसलो आणि आपापले दोर केले. मामांनीही केला, पहिल्यापासून, आमच्यासारखाच. दोर झाले की एकेक आधी माझ्या खालच्या ओठावरून गेला आणि मग मामांच्या वरच्या. पुढे गँग सुटेपर्यंत तीच पद्धत राहिली. बॅटरीच्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही.

मग जेवणाची सुट्टी झाली. परीक्षा नव्या माणसाची असते, मुकादमाची नसते. पण मामा उठले, ठेंगण्या फांदीला वेढा घातला आणि लटकले. खाली बसायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचा हक्क राहिला नाही असं त्यांना वाटत असावं. डोळे मिटून, तोंड दुसरीकडे करून ते नुसते लटकत राहिले.

आम्ही तिघं डबे घेऊन लांब उभे. सोपान इस्माईलकडे बघत होता आणि इस्माईल जमिनीकडे. मला काय झालं कुणास ठाऊक. मी गेलो आणि बरोबर मामांच्या खाली मांडी घालून बसलो, डबा उघडला. क्षणभराने शेजारी इस्माईल येऊन टेकला. शिव्या पुटपुटतच टेकला, पण टेकला. मग सोपान आला.

भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसलो. वर नवा दोर करकरत होता.

“भ्या वाटतंय का रं?” वरून आवाज आला.

“वाटतंय, मामा.”

“मला बी,” मामा म्हणाले. “जेव आता.”